पाच किलोच्या आतलं शेत



संक्रांतीनंतर पेजवर एकही नोंद नाही, त्यामुळं बऱ्याच जणांनी विचारलं, ताई, पेज बंद केलं का, ऊस गेला का, म्हशी विकल्या का. पेज बंद नाही. ऊस गेला, वेळेत गेला. म्हैस एक विकली. आणि माझं ऑपरेशन झालं, पोटाचे फाकलेले स्नायू जोडायचं. आज चौदावा आठवडा चालू आहे. पहिल्या आठवड्यापासून वहीत नोंदी ठेवल्या होत्या, लागवडीच्या ठेवते तशाच. त्या आज इथं लिहिते. पोस्ट लांब आहे. ज्यांना फक्त खोडव्याचं वाचायचंय त्यांनी थेट शेवटी जावं.

आधी झालं काय होतं ते सांगते, कारण गावात "पोट कमी करायचं ऑपरेशन केलं म्हणे" असं फिरतंय.

मला पहिली मुलगी, नंतर आठ वर्षांनी जुळे. जुळ्यांच्या वेळी पोट एवढं वाढलं होतं की बसल्यावर ताट पोटावर ठेवून जेवायचे. बाळंतपणानंतर वजन उतरलं, हातपाय पहिल्यासारखे बारीक झाले, पण पोट तसंच. सकाळी जरा कमी दिसायचं, संध्याकाळी पाचवा महिना असल्यासारखं. बाजारात एकीनं तर विचारलंच, "कितवा?" झोपेतून उठताना पोटाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उंचवटा यायचा, बांधासारखा, आणि उठून बसलं की नाहीसा व्हायचा. कंबर तर कायमच धरलेली. आणखी एक गोष्ट, बायका बोलत नाहीत म्हणून मीच बोलते: शिंकलं, खोकलं, भारा उचलला की लघवीचे थेंब जायचे. माझ्या वयाच्या बऱ्याच बायकांना असं होतं आणि बऱ्याच जणी ते कुणाला सांगत नाहीत.

पहिल्या दवाखान्यात सांगितलं, पोट सुटलंय, वजन कमी करा, पोटाचे व्यायाम करा. वजन माझं त्रेपन्न किलो. कमी कुठलं करायचं? उताणं झोपून उठाबशा काढायला सांगितल्या, तर त्यानं उंचवटा आणखीच वर यायला लागला. त्या मी महिन्यात बंद केल्या. पुढं बेंबीपाशी सुपारीएवढी गाठ दिसायला लागली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्या मॅडमनी मला उताणं झोपवलं, मान उचलायला लावली आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली. चार बोटं आत गेली. म्हणाल्या, "हे चरबीचं पोट नाही. मधली शिवण सैल झालीय."

शेतकरी माणसाला शिवण म्हणलं की कळतं. पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात, बरगडीपासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत, आणि दोघांच्या मधे एक पांढरी चिवट पट्टी. गरोदरपणात ही पट्टी ताणते, सगळ्यांचीच ताणते. बऱ्याच जणींची बाळंतपणानंतर काही आठवड्यांत, महिन्यांत बऱ्यापैकी परत आवळते. काहींची नाही आवळत. दोन सेंटीमीटरच्या वर फट राहिली की त्याला डायस्टॅसिस म्हणतात. माझी सोनोग्राफीत बेंबीपाशी पाच सेंटीमीटर निघाली आणि सोबत बेंबीचा लहान हर्निया. पोट म्हणजे पुढून धरून ठेवणारा पट्टाच. तोच सैल, म्हणून सगळा भार कंबरेवर.

एक महत्त्वाचं, इथं नीट वाचा. नुसती फट असेल तर त्यात आतडं अडकत नाही, कारण तिथं भोक नसतं, पट्टी फक्त पातळ आणि रुंद झालेली असते. त्यामुळं फट आहे म्हणून प्रत्येकीनं ऑपरेशनला पळायचं कारण नाही. आधी व्यायाम, नीट शिकवलेला. मीही फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंकडं सहा महिने गेले. कंबर बरीच सुटली, थेंबांचं जवळजवळ थांबलं. पण फट फार रुंद, त्यात हर्निया, आणि काम असलं उचलण्याचं, म्हणून ऑपरेशनवर आलो. हर्नियाची गोष्ट मात्र वेगळी. ती गाठ अचानक कडक झाली, आत जाईना, दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना.

ऑपरेशन कधी करायचं यावर आमच्या घरात महिनाभर खल झाला. डॉक्टरांना वाटत होतं तारीख आम्हाला सोयीची धरायची, एवढंच. पण शेतकऱ्याची सोय म्हणजे काय ते त्यांना कसं सांगणार? जूनमध्ये सोयाबीन, जुलैत आडसाल लावण, दिवाळीच्या पुढंमागं मळणी. शेवटी जानेवारी धरला आणि त्याचं खरं कारण वाडं. आमचा ऊस डिसेंबरअखेर जायचा होता आणि मार्चपर्यंत आजूबाजूला तोडी चालू, म्हणजे म्हशींना वाडं मिळत राहणार, रोज उठून गवत कापायची गरज नाही. जनावरांच्या वैरणीवर माणसाच्या ऑपरेशनची तारीख ठरली. हसू नका, तुमच्याकडंही असंच ठरतं.

तारीख ठरल्यावर मॅडमनी सांगितलं, सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, त्यानंतर हळूहळू, आणि जड काम तीन महिन्यांच्या पुढं. मी म्हणलं, मॅडम, पाच किलो म्हणजे काय काय? त्या म्हणाल्या, भरलेली बादली नाही, लहान मूल नाही. एवढ्यानं माझं भागेना. घरी आल्यावर भाजीपाल्याच्या वेळी घेतलेला हुकाचा काटा गोठ्याच्या आढ्याला टांगला. मी रोज जे जे उचलते ते सगळं यांनी एकेक करून त्याला लावलं आणि थोरलीनं वहीत लिहिलं. ते पान जसंच्या तसं देते.

शेणाची बुट्टी, भरलेली: १६ किलो. पाण्याची बादली: १६. कळशी: १२. वाड्याचा भारा, मी आणते तेवढा: २८. दुधाची किटली, दहा लिटर: १२. पाठीवरचा पंप, औषध भरून: २१. युरियाचं पोतं ४५, त्याला काटा लावला नाही, पोत्यावरच छापलेलं असतं. भरलेला गॅस सिलेंडर: ३०. पहार: साडेपाच. पाच लिटरचा कुकर, भात शिजलेला: ४. ओली वाकळ, दगडावर आपटून पिळायच्या आधीची: ११. धाकटे दोघं: प्रत्येकी १७, आणि दोघं एकदमच अंगावर येतात.

पाच किलोच्या आत काय बसलं? कुकर. एवढंच.

मग थोरलीनं दिवसाचा हिशोब मांडला. तीन म्हशी आणि एक गाय. शेणाच्या सहा बुट्ट्या, पाण्याच्या दहा बादल्या, दोन भारे, सकाळ-संध्याकाळ किटली. ९६ आणि १६० आणि ५६ आणि २४. तीनशे छत्तीस किलो. रोज. यात पोरं नाहीत, सिलेंडर नाही, वाकळ नाही, फवारणी नाही. हे वहीकडं बघत राहिले, मग म्हणाले, "अगं, एवढं तर ट्रॅक्टरच्या डिझेलचंही आपण लिहून ठेवतो." बरोबर. आमच्या जमाखर्चाच्या वहीत डिझेल आहे, पेंड आहे, नांगरट आहे, टोळीची एंट्री आहे. ही तीनशे छत्तीस किलो कुठंच नव्हती. सहा वर्षं फाकलेल्या पोटानं उचलत होते ती.

एक म्हैस विकली. दुसऱ्या वेताची होती, चांगली होती, मला लागलं ते. तिचे पैसे आणि ऊसबिलाचा पहिला हप्ता यात दवाखाना भागला. गोठ्याला वस्तीवरची एक मावशी लावली, तीनशे रुपये रोजानं. बेचाळीस दिवसांचे बारा हजार सहाशे. हा आकडा वहीत लिहिताना यांचा हात जरा थांबला, माझ्या कामाला पहिल्यांदाच भाव लागला होता. मी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

ऑपरेशनमध्ये दोन्ही स्नायू मधे ओढून शिवले, हर्निया बंद केला आणि मागून जाळी लावली. चार दिवस दवाखान्यात. एका बाजूनं नळी होती, आत साठणारं पाणी बाहेर यायला, ती चौथ्या दिवशी काढली. दुसऱ्याच दिवशी उठवून चालायला लावलं, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. चालले कशी? भांगलणीला वाकतो तशी. सरळ झालं की वाटायचं आता टाके तुटतात. तुटत नाहीत, पण कातडी आणि स्नायू ताणलेले असतात, आठ-दहा दिवसांत आपोआप सरळ होता येतं.

झोपेतून उठायची नवी रीत शिकवली. सरळ उठून बसायचं नाही. गुडघे वर घ्यायचे, ओंडका लोळवतो तसं अख्खं अंग एका कुशीवर, पाय खाटेखाली सोडायचे आणि हाताच्या रेट्यानं वर. मी आजही असंच उठते. आम्ही जमिनीवर झोपणारी माणसं, त्यामुळं पहिलं काम म्हणजे खाट आणली. दुसरं, कमोडची प्लास्टिकची खुर्ची, कारण उकिडवं बसवत नव्हतं आणि कुंथायला सक्त मनाई. ऑपरेशननंतरच्या गोळ्यांनी पोट कडक होतं. रात्री कोमट पाण्यात इसबगोल, दिवसभर पाणी, जेवणात पालेभाजी, पपई. याबाबतीत लाजू नका. एकदा जोरात कुंथणं म्हणजे आतून पोतं उचलल्यासारखंच आहे.

खोकला-शिंक आली की उशी पोटावर घट्ट दाबून धरायची. घरात तीन आठवडे मिरचीची फोडणी बंद होती. आत्या, म्हणजे सासूबाई, कुरकुरल्या, पण चुलीवरची भाकरी आणि बिनफोडणीची आमटी त्यांनीच केली. मार्चमध्ये गल्लीत सगळीकडं चटणीच्या मिरच्या वाळत पडल्या, डंखावर कांडप सुरू झालं, तेव्हा मी माहेरी आठ दिवस जाऊन राहिले. निमित्त विश्रांतीचं होतं, खरं कारण ठसका. हसणंसुद्धा महाग पडायचं. धाकटे दोघं मुद्दाम हसवायचे.

पोटाचा पट्टा दिवसरात्र. थंडीत बरा वाटला, पण फेब्रुवारीच्या शेवटी ऊन वाढलं तसं आत घामोळं आलं. उपाय: आत सुती बनियन, दोन पट्टे आलटून पालटून, रोज एक धुवायचा. फार आवळायचा नाही, श्वास पोटभर घेता आला पाहिजे.

आता खरी अडचण. मंडळी, सगळ्यात अवघड पहिला आठवडा नव्हता. पहिल्या आठवड्यात दुखतंच, त्यामुळं कुणी सांगायला लागत नाही. अवघड तिसरा-चौथा. दुखणं जवळजवळ गेलेलं, भूक लागलेली, झोप झालेली, अंगात ताकद आल्यासारखी वाटते आणि समोर मावशी बुट्टी अर्धीच भरून नेतेय. हात शिवशिवतात. आणि त्याच वेळी आतली शिवण कच्ची असते. मॅडमनी सांगितलेलं ध्यानात ठेवलं होतं: तिसऱ्या आठवड्यात जखमेला पुढं येणाऱ्या ताकदीचा थोडाच हिस्सा असतो, तीन महिन्यांनी साधारण ऐंशी टक्के, आणि पहिल्या मूळ ताकदीएवढी ती कधीच होत नाही. दुखायचं थांबतं लवकर, जुळायचं काम चालतं उशिरापर्यंत. आंब्याचं कलम बांधतो तेव्हा डोळा फुटलेला दिसला म्हणून लगेच पट्टी सोडतो का? मी स्वतःला रोज हेच सांगायचे, आणि तरी किटलीजवळनं जाताना हात मागं बांधून जायचे.

येणारे-जाणारे तर होतेच. "अजून झोपूनच?" "आमच्या वेळी बाराव्या दिवशी मळ्यात." "बाहेरून तर काहीच दिसत नाही." बाहेरून दिसत नाही हे खरंच. पायाला प्लास्टर असतं तर सगळ्यांनी खुर्ची दिली असती. साडीच्या आत काय शिवलंय ते कुणाला दिसणार. मी कामसू म्हणून गावात नाव असलेली बाई. खाटेवर बसून शेंगा फोडायची तेव्हा कुणी आलं की नकळत उठून उभी राहायची. ही सवय मोडायला टाक्यांपेक्षा जास्त दिवस लागले.

पाचव्या आठवड्यातली एक रात्र सांगते. म्हैस व्यायला झाली होती, आणि आमच्या भागात त्या आठवड्यात लाईट रात्रीची, त्यामुळं हे खोडव्याला पाणी पाजायला मळ्यात. साडेअकराला पाणमोट फुटली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. पुढचे दोन खूर दिसत होते, त्यावर नाकपुडी, म्हणजे रेडकू सरळ होतं, पण मोठं होतं आणि म्हैस दमली होती. यांचा फोन लागेना. डॉक्टरांना फोन केला, ते दुसऱ्या गावात, तासभर लागेल म्हणाले. अशा वेळी आजवर मीच ओढलंय. पाच-सहा वेतं तरी. हात धुवून, तेल लावून, पाय रोवून.

मी दारात उभी राहिले आणि शेजारच्या पोराला हाक मारली. कॉलेजला जाणारं पोर, म्हशीच्या मागं कधी उभं राहिलेलं नाही. आत्या दुसऱ्या बाजूला. मी फक्त सांगत होते. "ती कळ देईल तेव्हाच ओढ. कळ थांबली की थांब. सरळ नको, खाली ओढ, तिच्या मागच्या पायांकडं." आत्या म्हणाल्या, "तू मागं हो, हिसका बसंल." मी गव्हाणीला टेकून दोन्ही हात पट्ट्यावर दाबून धरले होते, कारण म्हशीनं कळ दिली की माझंही पोट आपोआप आवळत होतं. हे कसं थांबवायचं कुणी शिकवलं नव्हतं. मी तोंडानं श्वास सोडत राहिले, फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलेला तसा लांब. चौथ्या-पाचव्या कळेला डोकं आलं, मग खांदे, आणि मग सगळं एकदम. पोर मागं शेणात बसलं रेडकासकट. रेडी होती. नाकातला चिकट काढला, आत्यांनी पोत्यानं चोळलं, दहा मिनिटांत मान हलवायला लागली. वार पहाटे पडली. डॉक्टर आले तेव्हा आम्ही चहा पीत होतो.

त्या रात्री झोप कुणालाच नव्हती. आत्या माझ्या खाटेवर बसल्या. पासष्ठ वर्षांची बाई, पाच बाळंतपणं, त्यातली दोन मळ्यातच. मी म्हणलं, आत्या, झोपा जरा उताण्या, मान उचला. आधी नको नको म्हणाल्या, मग झोपल्या. बेंबीच्या वर मी बोटं ठेवली. माझी चार गेली होती, त्यांच्यात आख्खा पंजा मावला. त्यांना सांगितलं, हे तुम्हालाही आहे. म्हणाल्या, "हाय व्हय? मला वाटायचं म्हातारपणाचं पोट हाय." जरा वेळानं म्हणाल्या, "कंबर त्यानंच दुखती व्हय गं?" चाळीस वर्षं त्या कंबरेला तेल लावतायत. ऑपरेशनचं विचारलं तर हात झटकला, "माझं कोण शिवतंय आता." ऑपरेशन त्यांना नकोच, मॅडमनीही गरज नाही म्हणलं, हर्निया नाही त्यांना. पण श्वासाचा व्यायाम आता माझ्याबरोबर करतात, सकाळी खाटेवर. कंबरेचं म्हणतात, थोडं हलकं वाटतंय.

व्यायामाबद्दल खूप जणींनी इनबॉक्सला विचारलंय. तुमचं पोट बघितल्याशिवाय मी कुणाला काय सांगणार? मला काय शिकवलं ते सांगते. सुरुवात नुसत्या श्वासाची: श्वास सोडताना बेंबी हलकेच आत आणि खालचा भाग, लघवी रोखताना आवळतो तो, वर ओढायचा. मग उताणं झोपून गुडघे वाकवून एकेक टाच सरकवत पाय लांब करायचा. मग कंबर थोडी उचलायची. मग भिंतीला हात टेकून. प्रत्येक पायरीला नियम एकच: मधोमध उंचवटा आला किंवा श्वास रोखला गेला, तर ती पायरी अजून आपली नाही. उठाबशा आजही नाहीत. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून, आधी खोलीत, मग अंगणात, चौथ्या आठवड्यात मळ्यापर्यंत, रिकाम्या हातानं. रिकाम्या हातानं मळ्यात जायचा माझा आयुष्यातला पहिलाच महिना. बांधावर बसून पीक बघायला किती वेळ मिळतो! खोडव्यात दोन ठिकाणी पाचट कुजलेलं नाही, एका सरीत फुटवे कमी, हे सगळं मला त्या महिन्यात दिसलं.

सहा आठवड्यांनी तपासणी झाली, शिवण चांगली. मग काट्याची वही परत काढली. सातव्या-आठव्या आठवड्यात सात किलो, पुढं दहा, बाराव्यानंतर बारा. उचलताना वस्तू अंगाजवळ, गुडघ्यातून खाली जायचं, श्वास सोडत वर यायचं, आणि उचललेलं असताना कंबरेतून वळायचं नाही, पाय फिरवायचे. बुट्टी आता निम्मी भरते, खेपा दुप्पट. वेळ जास्त जातो. जाऊ दे. दाव्याचं सगळ्यात जास्त भ्या वाटतं. दाव्याला वजन नसतं, काट्यात बसत नाही, पण म्हशीनं एक हिसका दिला की किती किलोचा असेल सांगता येत नाही. म्हणून म्हशी सोडायचं-बांधायचं काम अजूनही यांच्याकडं.

गोठ्यात बदल केलेत. शेणासाठी एकचाकी गाडा घेतला. पाण्याला पाईप ओढून गव्हाणीतच नळ बसवला, साडेतीन हजार रुपये, आणि रोजचे १६० किलो एका दिवसात वहीतून गेले. हा नळ आम्हाला दहा वर्षांपूर्वीही परवडला असता. कुणाच्या डोक्यातच आला नाही, कारण बादली उचलणारी फुकट होती. कडबाकुट्टी गोठ्याजवळ आणली. पाठीवरचा पंप माझ्यासाठी कायमचा बंद, फवारणी आता पाईपच्या पंपानं. मावशी अर्ध्या रोजानं चालूच आहेत, त्यांना पुढंही ठेवणार. त्यांनाही बुट्टी निम्मीच भरायला सांगितलंय. आधी त्यांना पटेना, बघणारे आळशी म्हणतील म्हणून.

आज शरीराचं म्हणाल तर: कंबर दुखत नाही. शिंकताना अजून पोटाला हात जातो, पण थेंब नाही. बेंबीखालची तळहाताएवढी कातडी बधिर आहे, डास चावलेलाही कळत नाही. हळूहळू येईल म्हणाल्या, काही भाग कदाचित येणारही नाही. संध्याकाळी थोडी सूज येते, जास्त काम झालं की जास्त. पोट सपाट झालंय का? झालंय बऱ्यापैकी, वर एक वण आहे.

आता खोडव्याचं. पाचट जागेवर ठेवलं, बुडखे छाटून घेतले, पहिला हप्ता पहारीनं दिला, ते काम यांनी आणि दोन बायकांनी केलं. दुसरा हप्ता मेच्या मध्याला. पहार साडेपाच किलोची, म्हणजे वजनात बसते, पण मॅडमना दाखवून दिलं की ती दिवसभरात किती वेळा जमिनीत हाणावी लागते. त्या म्हणाल्या, यावेळी नको. त्यामुळं पहार बायका धरतील आणि मी मागून मुठीनं खत टाकत जाईन, बादलीत एका वेळी चार किलोच घेऊन. ज्या सरीत फुटवे कमी होते तिथं नांगे भरले, त्याचे फोटो पुढच्या नोंदीत टाकते. वळीव अजून झाला नाही, विहिरीचं पाणी दोन फूट उतरलंय. रेडी चांगली आहे. परवा काट्याला लावली, ५४ किलो भरली. उचलली यांनी.